संघाचा फोन या आठवड्यात माझ्याकडे आहे

१० मार्च, मंगळवार

दादा,

नमस्कार घातला तर तू तोही परत पाठवशील, म्हणून थेट मुद्द्यावर येते. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. फाड, पण आधी वाच. सहा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा कुरिअरवाल्याला बजावून सांगितलंय की वहिनीच्या नाही, तुझ्याच हातात द्यायचं आणि सही घ्यायची.

मुद्दा एवढाच आहे: लेकीला फोन कर. आज कर.

का, ते विचारू नकोस. मी सांगू शकत नाही, आणि का सांगू शकत नाही ते तुला इतर कोणाहीपेक्षा जास्त कळायला हवं, कारण तो नियम तूच घालून दिलास. बरोबर ओळखलंस. माजी विद्यार्थी संघाचा फोन या आठवड्यात माझ्याकडे आहे.

तू सोडून गेल्यापासून त्यात फार काही बदललेलं नाही. अजूनही दर सोमवारी एक जुना पशुवैद्य तो फोन दुसऱ्याच्या हातात देतो, चार्जरसकट. नुकतीच पदवी घेतलेली पोरं कुठल्या कुठल्या कोपऱ्यातल्या दवाखान्यांत एकटी बसलेली असतात, अडली की फोन करतात. वासरू आडवं आलंय, साहेब खोट्या दाखल्यावर सही मागतोय, घास घशाखाली उतरत नाही, काहीही. फोन विद्यापीठाच्या एक्स्चेंजमधून जोडून येतो, म्हणजे कोणाचा नंबर दिसत नाही. करणाऱ्याने नाव सांगायचं नाही, घेणाऱ्याने विचारायचं नाही, आवाज ओळखला तरी ओळख दाखवायची नाही, उलट फोन करायचा नाही आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. टेबलावर मूठ आपटून तू हे सभेत मंजूर करून घेतलंस, तेव्हा अध्यक्षांच्या कपातला चहा सांडला होता. बाकी आपला संघ म्हणजे काय, वर्षातून एकदा स्नेहसंमेलन, त्यात गुच्छ, त्यात समूहफोटो, त्यात एकमेकांच्या टकलांवर विनोद. विद्यापीठाला एखादं क्ष-किरण यंत्र घेऊन द्यायचं, गरजू मुलांची वसतिगृहाची सोय करायची आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा. मला विचारशील तर हा फोन हेच आमचं खरं काम आहे.

तर, जे ऐकलं ते मी लिहिणार नाही. पण जे ऐकलं नाही ते लिहू नये असं नियमात कुठेही नाही. आज सकाळी मी हसू ऐकलं नाही. 'सगळं ठीक आहे' हे ऐकलं नाही. ज्या मुलीच्या पायाला भिंगरी लागलेली असते म्हणून अख्खं घर तिला भिंगरीच म्हणतं, तशा मुलीचा आवाज असा जमिनीवर बसल्यासारखा कधी ऐकला नव्हता.

आणि एक गोष्ट ऐकली ती लिहिते, मग काय व्हायचं ते होवो. अडलेल्या गाईच्या पाठीवर हात ठेवून आपले अण्णा काय म्हणायचे? "झालंच की आता, बाई, झालंच की." हे आपल्या घराबाहेर जगात कोणी म्हणत नाही. अण्णांचं ऐकून तू म्हणायला लागलास, तुझं ऐकून मी, आणि तुझी लेक तर चालायला लागल्यापासून मांजरालाही तेच म्हणते. आज सकाळी संघाच्या फोनवर एक मुलगी मला सांगत होती, "मी तिला सारखं म्हणत होते, झालंच की आता, बाई, आणि ती गेली." गाय गेली, दादा. नोकरीतली तिची पहिली अडलेली गाय.

भिंगरी गेल्या वर्षी धरणापलीकडच्या दवाखान्यात रुजू झाली हे मला संघाच्या वार्षिक अंकात वाचून कळलं. सख्ख्या आत्याला! असो.

आपल्या भांडणाचं नंतर बघू. त्या पोराला तू याच फोनवर म्हणालास, "जमत नसेल तर किराणा दुकान टाक." त्याने खरोखर नोकरी सोडली, संघाने तुझ्याकडून फोन काढून घ्यायचं ठरवलं आणि तो आणायला मला पाठवलं. मी आले. तू म्हणालास, फोन घेऊन जा आणि बहीण म्हणून परत येऊ नकोस. मी तेव्हाही बरोबर होते, आजही आहे. पण तो विषय आजचा नाही.

लेकीला फोन कर.

तुझी बहीण (तू काहीही म्हण)


१२ मार्च, गुरुवार

दादा,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी! कुरिअरचा खर्च तरी वसूल करायचास. "भिंगरी मजेत आहे, तिची आई तिच्याशी रोज बोलते. संघाचा फोन संघाला लखलाभ."

आईशी रोज बोलते! अरे, आईला कोण खरं सांगतं? तुझा हात बैलाने मोडला होता तेव्हा तू आईला काय सांगितलं होतंस, आठव. जिना उतरताना घसरलो म्हणालास आणि डाव्या हाताने जेवलास. तुझीच लेक आहे ती.

मंगळवारपासून माझा पाय घरात ठरत नाही. दवाखान्यात बसते तर फोन एप्रनच्या खिशात, घरी आले की ओट्यावर. चार्जिंगला लावते, पुरा भरायच्या आत काढते, कारण वायरला बांधलेला फोन घेऊन फिरता येत नाही. काल एका पामेरियनच्या मालकिणीने मला विचारलं, "डॉक्टर, तुम्हालाच बरं नाहीये का?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीये. मग लक्षात आलं की मी तिच्या कुत्र्याचं एकच नख तीनदा तपासलं होतं.

आज सकाळी पुन्हा फोन आला. आता मी नियम मोडतेय, आणि तुझ्या देखत मोडतेय. हवं तर सभा बोलाव.

तिने आधी नुसता श्वास घेतला. मी म्हटलं, "मंगळवारी बोललो ना आपण? बोल."

ती म्हणाली, "मॅडम, लोक गुरं घेऊन माझ्या फाटकासमोरून जातात. आत वळत नाहीत. पुढे एक म्हातारा आहे, पाला बांधणारा, त्याच्याकडे नेतात."

"चार दिवस नेतील. मग येतील."

"त्या गाईचा मालक काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसता उभा होता. त्याची बायको म्हणाली, मुली, हात धुऊन घे. पाणी ओतलं माझ्या हातावर." मग म्हणाली, "मी ऑपरेशनचा निर्णय उशिरा घेतला, मॅडम. मला कळत होतं आणि मी घेत नव्हते."

मी तिला सांगायचं ते सांगितलं. की निर्णय उशिरा होतात, माझे झालेत, सगळ्यांचे होतात. पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तेव्हा मी सरळ विचारलं, जसं विचारायचं आपल्याला शिकवलंय तसं, आडवळण न घेता. "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?"

ती नाही म्हणाली नाही, दादा.

मी म्हटलं, औषधांच्या कपाटाची किल्ली आत्ता, फोन चालू असताना, शिपायाच्या हातात दे. तिने दिली, मी ऐकलं, तो म्हणाला, "कशाला, मॅडम?" आणि ती म्हणाली, "राहू दे तुमच्याकडे." म्हटलं, घरचं कोणी येईल का? आणि मग मला राहवलं नाही. ओळख दाखवायची नाही हा नियम मी एका क्षणात चुलीत घातला. म्हटलं, "हे बघ, तुझे बाबा तापट आहेत, नाकावर राग आहे त्यांच्या, पण तुझ्यासाठी ते पहिल्या गाडीने येतील."

एवढी शांतता झाली की मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "माझे बाबा? येतील?"

"येतील. मी पाठवते त्यांना."

"बरं," म्हणाली. अगदी लहान मुलीसारखं म्हणाली. आणि फोन ठेवला.

तर मी शब्द देऊन बसलेय, दादा, आणि शब्द तुझा आहे. गुडघ्यांचं मला सांगू नकोस, निवृत्तीनंतर तू रोज टेकडी चढतोस हे मला वहिनीच्या बहिणीकडून कळतं. रागाचंही सांगू नकोस. राग घेऊन जा हवं तर, पिशवीत जागा असेल. तिला आधी फोन करून 'काय झालं' म्हणून खडसावू नकोस, नुसता जा आणि दारात उभा राहा.

संघाचे नवे अध्यक्ष काल सांगत होते की हा फोन आता बंद करावा, कोणाला वेळ नसतो, त्यापेक्षा विद्यापीठाला एक भव्य कमान बांधून देऊ, वर संघाचं नाव. मी म्हटलं, कमानीला रात्री-अपरात्री फोन करता येतो का? हसले. रविवारी सभा आहे.

हे पत्र मिळाल्यावर उत्तर लिहीत बसू नकोस. उत्तर नकोच आहे मला.

तुझी बहीण


१४ मार्च, शनिवार, दुपार

दादा,

हे कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला ठाऊक नाही. तू जीपमध्ये आहेस, रेंज नाही, आणि मला एका जागी बसवत नाही. हात चालू राहिला तर डोकं ताळ्यावर राहील म्हणून लिहितेय. भेटशील तेव्हा हातात देईन. भेटशील ना?

सकाळी फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून आता बोलते.

सहा वर्षांनी माझ्या फोनवर तुझं नाव उमटलं. मी घाबरतच उचलला, तर पहिलं वाक्य काय? "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" ओळखीचा आवाज, ओळखीची पट्टी. म्हणे काल दिवसभर गाडी, मग बस, मग कोणाच्या तरी दुधाच्या टेम्पोत बसून मी इथे पोचतो, वाटेत तीनदा देवाची करुणा भाकतो, आणि ही कार्टी म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभी, तोंडाने शीळ चालू! मला बघून म्हणते, बाबा? आई बरी आहे ना? हिला काय झालंय? हिला काहीही झालेलं नाही! हिची एकही गाय मेलेली नाही!

आणि मला, खोटं कशाला बोलू, आधी हसू आलं. भिंगरी शीळ घालतेय म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. पुरता आलाही नव्हता तेवढ्यात मी खुर्चीतून उठले. कारण भिंगरी शीळ घालतेय, तर मग 'बरं' कोण म्हणालं?

तू अजून बडबडत होतास. मी ओरडले, "तिच्याकडे दे फोन!" तू दिलास, त्याबद्दल तुझे उपकार. भिंगरीने आधी, "आत्या, मी संघाच्या फोनवर करेन का? तिथे तू असतेस, मला काय येडं समजतेस?" असं म्हटलं. किती मोठी झाली रे ती. मी तिला विचारलं, झालंच की आता, बाई, हे तुझ्याशिवाय अजून कोण म्हणतं?

ती लगेच म्हणाली, "आजीबाई."

तुला तिने सांगितलं असेलच, पण मला लिहू दे. चार वर्षं तिच्या खोलीत राहणारी मुलगी. सगळ्यांच्या आधी दिवा मालवायची म्हणून वसतिगृहात आजीबाई. पहिल्या वर्षी गाईजवळ जायला घाबरायची, तेव्हा भिंगरी तिच्या मागे उभी राहून तिच्या हातावर हात ठेवून ते वाक्य म्हणायची. मग तीही म्हणायला लागली. बोलण्याची ढबही भिंगरीचीच उचलली, एकमेकींचे कपडे घालतात तशी. आता धरणाच्या दुसऱ्या अंगाला एका दवाखान्यात एकटीच आहे. गेल्या महिन्यापासून भिंगरीचे फोन उचलत नव्हती आणि भिंगरीला वाटलं, कामात असेल.

तिचे वडील ती दुसऱ्या वर्षाला असताना गेले.

मी तिला सांगितलं, तुझे बाबा येतील. पहिल्या गाडीने येतील. मी पाठवते त्यांना.

दादा, ती काय समजली असेल? एक परकी बाई तिची थट्टा करतेय असं समजली असेल, की त्याहून भलतंच काही? तुझे बाबा येतील तुला न्यायला, असं? नावं घ्यायची नाहीत, विचारायची नाहीत, हा नियम आपण पोरांना संकोच वाटू नये म्हणून केला. आणि त्या नियमाच्या आडून मी मला हवी ती मुलगी तिच्या जागी बसवली. जी रडत होती तिचं मी ऐकलंच नाही. मी भिंगरीचं ऐकत होते, तुझं ऐकत होते, सहा वर्षांत न झालेलं सगळं बोलणं ऐकत होते. मला ते भांडण मिटायला हवं होतं ना, त्याची किंमत त्या पोरीने का द्यावी?

अजून एक सांगते. तिच्या वसतिगृहाची सोय संघाने केली होती. भिंगरी म्हणाली, "आत्या, तुमच्या अंकात तिचा फोटो आहे." मी अंक काढला. आहे. पदाधिकारी रांगेत, मधे चार मुलं हातात पाकिटं घेऊन. तिच्या खांद्यावर हात ठेवून जी बाई कॅमेऱ्याकडे बघून हसतेय ती मी आहे. मला तिचा चेहरा आठवत नाही. मी मघापासून तो फोटो बघतेय, तरी आठवत नाही.

भिंगरीकडे लाळ-खुरकुताची लस टोचायला तीन गावांची गुरं येऊन उभी आहेत, दुसरा डॉक्टर नाही, म्हणून ती हलू शकत नाही. तू म्हणालास, "मी जातो." बस, एवढंच. माझ्यावर ओरडणं मधेच थांबवून म्हणालास. मी म्हटलं, तुला ती ओळखत नाही. तू म्हणालास, "मग काय झालं?" आणि फोन ठेवलास.

मी काय काय केलं सांगते, म्हणजे हात चोळत बसले नाही हे तुला कळेल. तिचा फोन लावला, बंद आहे. तिच्या दवाखान्याचा लावला, वाजून वाजून थांबतो, शनिवारची सुट्टी. तिथल्या पोलीस चौकीत लावला, साहेब बाहेर गेलेत, आले की माणूस पाठवतो म्हणाले. पुन्हा लावला, तेच म्हणाले. विद्यापीठाच्या एक्स्चेंजवरच्या बाईंना म्हटलं, फोन आला तर एक क्षणही न थांबवता जोडा, त्या म्हणाल्या, "मॅडम, मी काय थांबवून ठेवते का?" बरोबर आहे त्यांचं.

तुला अजून तीन तास तरी लागतील. दवाखान्याची जीप दिलीये, पण रस्ता धरणाला वळसा घालून जातो, भिंगरी म्हणाली.

फोन हातात आहे. वाजत नाही.


१५ मार्च, रविवार

दादा,

तुझा निरोप सकाळी भिंगरीकडून मिळाला. आजीबाई रात्री चार घास जेवली आणि झोपली, भिंगरी आज दुपारी पोचेल, मग तिला शहरातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे नेणार आणि तोवर तू तिथून हलणार नाहीस. छान. तिच्या आईलाही कळवलं, हे बरं केलंस. सभा दहाला होती, मी गेले नाही. कमान बांधा नाही तर मनोरा बांधा, फोन मी उद्या कोणालाही देणार नाहीये, अजून एक आठवडा माझ्याकडेच राहील असं कळवलंय.

काल तू त्या दाराबाहेर होतास तेव्हा आत काय चाललं होतं, ते तुला सांगणं नियमात बसत नाही. तरी सांगते. तुला ते कळायला हवं.

ऊन उतरत होतं तेव्हा फोन वाजला. मी उचलला. तीच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच ना? गुरुवारच्या?"

"मीच. कुठे आहेस?"

"खोलीत." आवाज अगदी हळू. "बाहेर कोणीतरी आलंय. मघाशी खूप जोरात दार वाजवत होते. म्हणाले, मी भिंगरीचा बाबा. ती माझी मैत्रीण आहे. मी बोललेच नाही, वाटलं कंटाळून जातील. गेले नाहीत. आता पायरीवर बसलेत."

"ओरडतायत का?" मी विचारलं. तुझा भरवसा मला कुठे होता!

"नाही. बोलतायत. दाराकडे पाठ करून बसलेत आणि एकटेच बोलतायत." मग म्हणाली, "गाईंबद्दल सांगतायत. त्यांच्या हातून मेलेल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"एक मेंढीवाल्यांच्या तळावर मेली म्हणे. एक दावणीला बांधलेली असताना, चुकीचं निदान केलं म्हणून. एका गाईला तर ते बघायलाच गेले नाहीत, कंटाळा केला म्हणाले. आता पाचवी चालू आहे."

चाळीस वर्षं तू हे काम केलंस आणि मला यातली एकही कधी सांगितली नाहीस. मला काय, संघात कोणालाच नाही. तुझ्या हातून कधी काही मेलंच नाही असं समजून आम्ही सगळे तुला वचकून होतो. त्या किराणा दुकानवाल्या पोराला यातली एक सांगितली असतीस तर? पण ते राहू दे.

ती म्हणाली, "मॅडम, हे माझे बाबा नाहीत."

"माहीत आहे, बाळ. मी चुकले. मी तुला दुसरीच कोणी समजून बोलले, आणि तुला नको ते बोलून बसले. तुझे बाबा गेले हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं."

मला वाटलं आता ठेवेल. मी घाईघाईने म्हटलं, "तो माझा दादा आहे. तापट आहे ते खरं आहे, पण चांगला आहे. दार उघड."

"थांबा," ती म्हणाली. "ही गाय संपू दे."

तिने फोन दाराच्या फटीशी धरला असावा, कारण मला तू ऐकू यायला लागलास. आधी अस्पष्ट, मग नीट. तू म्हणत होतास, नवी नवी पदवी होती, अंगात मस्ती होती, आणि आमच्याच गोठ्यातली तांबडी अडली.

दादा, मी तेव्हा वसतिगृहावर होते. सुट्टीत घरी आले तर तांबडी नव्हती. अण्णा म्हणाले, विकली. मी आठ दिवस अण्णांशी बोलले नव्हते, तांबडी विकली म्हणून. तूही शेजारी बसून गप्प जेवत होतास.

तू त्या पायरीवरून सांगत होतास की अण्णा कंदील धरून मागे उभे होते, आणि मी उशीर केला, मला कळत होतं आणि मी उशीर केला. तांबडी गेली तरी अण्णा काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या नाहीत. मी गोठ्यातून बाहेर आलो ते थेट माळावर गेलो आणि तिथेच बसून राहिलो, परत घरी जायचं नाही असं ठरवून. उजाडल्यावर अण्णा शोधत आले. म्हणाले, ऊठ, खालच्या वस्तीवरची गाय अडलीये, ते तुला बोलावतायत. मी म्हटलं, मला नाही, दुसऱ्या कोणाला न्या. अण्णा म्हणाले, मी त्यांना सांगितलंय, माझा मुलगा येतोय.

मग तू थांबलास. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, ती दाराला कान लावून आणि मी फोनला. तू काही बोलेनास. पुढे काय झालं ते सांगेनास.

तिने शेवटी आतूनच विचारलं, "ती वाचली का?"

तू म्हणालास, "दार उघड, सांगतो."

आणि तिने कडी काढली.